एप्रिलची तारीख

पिंपळगाव बसवंतला खतं-औषधांच्या दुकानांच्या ओळीत, छाटणीआधी द्राक्षाच्या काडीत घड आहे का ते तपासून देणारी एक लहानशी खोली आहे. सप्टेंबर निम्मा सरला की तिथं उभं राहायलाही जागा नसते. दारात ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या द्राक्षकाड्यांच्या जुड्या, प्रत्येकीला सुतळीनं बांधलेली चिठ्ठी, आत टेबलावर सूक्ष्मदर्शक, ब्लेडची डबी आणि शेजारच्या दुकानातून भिंत ओलांडून येणारा गंधकाचा वास. २०२५ च्या सप्टेंबरातल्या अशाच एका गर्दीच्या सकाळी पंचावन्न-साठीचे एक बागाईतदार आपली जुडी टेबलावर ठेवून उभे होते. मोहाडीकडची दोन एकर थॉमसन जातीची बाग. तपासणाऱ्या मुलानं फॉर्म पुढे ओढला, वाण लिहिलं, लागवडीचं अंतर लिहिलं आणि मान वर न करता विचारलं, "काका, एप्रिल छाटणीची तारीख?"

काका थांबले. टोपी मागे सरकवली. रामनवमी व्हायची होती की होऊन गेली होती, हे त्यांनी स्वतःशीच दोनदा पडताळून पाहिलं. मग म्हणाले, "लिही बारा. नाही, थांब… दहाच्या आसपास असेल." याच माणसानं पाच मिनिटांपूर्वी बाकावर बसून शेजारच्याला सगळं वारासकट सांगितलं होतं. व्यापाऱ्यानं पहिला खुडा कोणत्या भावानं नेला, दुसऱ्या खुड्याला किलोमागे किती रुपये पाडले, गाडी भरायला किती वाजले, काही म्हणजे काही सुटलं नव्हतं. २०१४ ची गारपीट तर त्यांना आवाजासकट आठवत होती. पत्र्यावर पहिली गार पडली तेव्हा हातात काय होतं, तेही त्यांनी सांगितलं. आणि पाच महिन्यांपूर्वी आपल्याच बागेत कात्री कधी लागली, ते आठवेना.

मुलानं तारखेच्या रकान्यात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं. "असू द्या काका. आपण काडीच्या डोळ्यालाच विचारू," म्हणाला आणि जुडीची सुतळी सोडायला लागला.

ते प्रश्नचिन्ह तेव्हापासून डोक्यात रुतून बसलं आहे.

थंड मुलखात हिवाळा आला की द्राक्षवेल पानं टाकून झोपते. आपल्याकडे तिला झोपच लागत नाही. नाशिकच्या उन्हात ती बाराही महिने वाढत राहील, म्हणून माणसानंच तिला वर्षातून दोनदा कापून थांबवायचं, अशी रीत महाराष्ट्रात रुजली. ऑक्टोबरच्या छाटणीकडे सगळ्यांचं लक्ष असतं, कारण तिच्या पाठोपाठ घड दिसतात. डोळे फुगतात, पोंगा म्हणजे उमलती कोवळी फूट येते, डाऊनी या बुरशीरोगाच्या भीतीनं रात्री-बेरात्री फवारणीचे ब्लोअर सुरू होतात, घड बुडवायला नि मणी विरळायला, म्हणजे डिपिंग-थिनिंगला, माणसांची ओढाताण होते, पेपरात बातम्या येतात. एप्रिलच्या खरड छाटणीला मात्र कुणी नावाजत नाही. माल निघून गेलेला असतो, निम्मे पैसे यायचे असतात, घरात लग्नसराई असते, माणसं थकलेली असतात. अशा दिवसांत पेठ-सुरगाण्याकडून आलेली टोळी पहाटे बागेत शिरते आणि ज्या काड्यांनी वर्षाचा माल दिला त्या सगळ्या ओलांड्यापाशी, म्हणजे मांडवावरच्या आडव्या जाड फांदीपाशी, एकेक डोळा (नवी फूट निघायची जागा) राखून कापून टाकते. दुपारपर्यंत सरीत काड्यांचा ढीग पडतो. कापलेल्या तोंडांतून थेंब थेंब पाणी गळत असतं, मांडवाखालून सरळ आभाळ दिसायला लागतं आणि कालपर्यंत सावली असलेल्या जमिनीचा तापल्याचा वास येतो. बाग इतकी बोडकी दिसते की तिच्याकडे फार वेळ बघवत नाही. बहुधा म्हणूनच ती तारीख मनात राहत नसावी.

आणि पुढच्या फेब्रुवारीतला घड ठरतो तो त्याच तारखेपासून मोजलेल्या चाळिसाव्या ते साठाव्या दिवसांत.

राखलेला डोळा आठ-दहा दिवसांत फुटतो. त्या नव्या फुटीवर पानं येतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा धरतो. बाहेरून तो ज्वारीच्या दाण्याएवढा. आत मात्र एक फार नाजूक काम चाललेलं असतं. डोळ्याच्या गाभ्यात एक सूक्ष्म उंचवटा तयार होतो, आणि त्याचं पुढे काय व्हायचं हे सुरुवातीला ठरलेलं नसतं. तो घड होऊ शकतो, बाळीही होऊ शकते. बाळी म्हणजे वेल ज्या हातानं तार धरते ते वळसेदार सूत. ज्या पेशींतून पाचशे ग्रॅमचा घड निघायचा, त्याच पेशींतून ते सूतही निघतं. वेलीत सायटोकायनिन या संप्रेरकाचं पारडं जड असेल तर उंचवट्याला फांद्या फुटत जातात आणि घडाची मांडणी होते. जिबरेलिन या दुसऱ्या संप्रेरकाचं पारडं जड झालं तर तो निमुळता होऊन बाळीच्या वाटेला लागतो. मधल्या मध्ये अडकला तर पुढे गोळीसारखा आखडलेला 'गोळी घड' निघतो, नाहीतर निघालेला घड जिरून जातो. पारडं कुठं झुकेल हे त्या वीस-बावीस दिवसांतल्या उन्हावर, पाण्यावर, नत्रावर आणि माणसाच्या हातावर अवलंबून असतं. डोळ्यावर ऊन पडलं, काडीची वाढ वेळेवर थांबली, तयार झालेलं अन्न शेंड्याकडे न पळता डोळ्यात साठलं, तर घड. आभाळ भरून राहिलं, पाऊस पडला, मुळ्यांना पाण्यासोबत फुकटचं नत्र मिळालं आणि शेंडा पळत सुटला, तर बाळी.

हे सगळं घडत असताना बागेत दिसत काहीच नाही. घड तयार झाला की नाही हे ऑक्टोबरात पोंगा उघडेपर्यंत बाहेरून कळत नाही. मे महिन्यात बागेतून चालत जाणाऱ्याला फक्त पानं दिसतात.

आणि इथंच एक मोठी फसगत होते. सगळ्यात चांगली दिसणारी बाग नेहमी सगळ्यात चांगली असतेच असं नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात काही बागा अशा काही माजतात की मालक बांधावर उभा राहून फोटो काढतो, स्टेटसला ठेवतो, पाहुण्यांना मुद्दाम तिकडून फिरवून आणतो. पानं तळहाताहून मोठी, पेरं लांब, काडी अंगठ्यासारखी जाड. पण अशा बागेत खाली वाकून बघितलं तर दुपारी बारालाही अंधार असतो. एका पानातून खाली झिरपणारा प्रकाश नाममात्र, त्याखाली दुसरं पान असेल तर डोळ्यापर्यंत काहीच पोचत नाही. जाड, चपट्या काडीतला गाभ्याचा डोळा पुष्कळदा वांझ निघतो, कधी आतल्या आत करपून मेलेला असतो आणि त्याच्या शेजारचा दुय्यम डोळा फुटतो, ज्यात घड क्वचितच असतो. मध्यम काडी, आठ ते दहा मिलिमीटरची, जवळ जवळ पेरांची, ती फळाची. पण तिचा फोटो कुणी काढत नाही. वर्ष उलटल्यावर "गेल्या जूनमध्ये बाग काय दिसत होती" अशी आठवण निघते तेव्हाही तो गर्द हिरवा फोटोच पुरावा म्हणून पुढे येतो. त्याच हिरवेपणात घड हरवला हे मान्य करायला जीव धजत नाही. मला वाटतं, मागे वळून पाहताना आपण सगळेच पहिली चूक इथं करतो. ज्या काळात सगळं भराभर वाढत होतं तो काळ चांगला होता, असं आपण धरून चालतो.

याच्या अगदी उलट गोष्ट काडीवरच्या गाठीची. नव्या फुटीला सात-आठ पानं आली की सातव्या पानावर तिचा शेंडा खुडतात. वाढीचा जोर असलेली, लुसलुशीत, ऐन तारुण्यातली फूट नखानं मोडायची. नव्यानं बाग लावलेल्या माणसाचा हात इथं हमखास अडखळतो. खुडल्यावर वेल दोन-चार दिवस थबकते, मग सर्वांत वरच्या डोळ्यातून बगलफूट निघते. तीच पुढे चालवायची, बाकीच्या काढायच्या, आणि सगळी मिळून पंधरा-सतरा पानं झाली की पुन्हा शेंडा मारायचा. जिथं पहिल्यांदा खुडलं तिथं काडीवर कायमची गाठ राहते. गाठीपुढे चालवलेल्या त्या काडीला सबकेन म्हणतात. रस त्या ठिकाणी थबकतो, अन्न साठतं आणि गाठीच्या मागचे-पुढचे एक-दोन डोळे बहुतेक वेळा सर्वांत फळदार निघतात. ऑक्टोबरात अनुभवी छाटणारा डोळे मोजत बसत नाही, बोटानं गाठ चाचपतो आणि तिच्या पुढे एक-दोन डोळे राखून कात्री लावतो. शेंडा खुडायला उशीर झाला की मात्र हे बिघडतं. मजूर मिळाले नाहीत, फूट दहा-अकरा पानांवर गेली आणि मग ती सातवर कापली, तर एकदम तीन-चार बगलफुटी उसळतात, मांडवात गर्दी होते, सावली पडते आणि गाठ पडूनही डोळा रिकामा राहतो. म्हणजे खुडलं की नाही एवढंच लिहून भागत नाही. कोणत्या पानावर, कितव्या दिवशी, हेही लागतं.

खतांचंही तसंच. पहिल्या तीस दिवसांत नत्र, तीस ते साठमध्ये स्फुरद, साठच्या पुढे पालाश, ही साधी विभागणी बहुतेकांना तोंडपाठ असते. चुका होतात त्या तारखा सरकल्यामुळे. पंचेचाळिसाव्या दिवशी पानं थोडी पिवळट वाटली म्हणून कुणी ठिबकमधून युरिया सोडतो, आठवड्यात बाग टवटवीत होते, समाधान वाटतं. त्या समाधानाची किंमत ऑक्टोबरात कळते. पण तोवर युरियाचं ते अर्धं पोतं कुणाच्याही स्मरणात उरलेलं नसतं.

मग ऑक्टोबरात घड कमी निघाले की चौकाचौकांत, टपरीवर, सोसायटीच्या ओट्यावर एकच वाक्य ऐकू येतं. "यंदा पावसानं मारलं." ते खोटं नसतं. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तर त्याहून खरं वाक्य दुसरं नव्हतं. फुलोऱ्यातल्या बागांवर दिवसचे दिवस पाणी पडत राहिलं, घडांची कूज झाली, डाऊनीनं पानं-घड दोन्ही खाल्ले, आणि त्यात कुणा शेतकऱ्याचा हात नव्हता. पण अशा एका खऱ्या वाक्याखाली पुढच्या कितीतरी वर्षांच्या बारीकसारीक चुका लपून जातात. पाऊस दिसतो, गार लागते, व्यापारी समोर उभा राहून भाव पाडतो. या घावांना तारीख असते, आवाज असतो, माणूस असतो. म्हणून ते लक्षात राहतात आणि कारण म्हणून तेच सांगितले जातात. मे महिन्यातल्या सावलीला यातलं काहीच नसतं. दुःखाची जागा आणि कारणाची जागा यांत सहा-सहा महिन्यांचं अंतर असू शकतं, हे द्राक्षवाल्याला कळायला जितकं सोपं तितकंच वळायला अवघड. बागेबाहेरच्या आयुष्यातही हे अंतर असतंच. भावाभावांतलं बोलणं ज्या दिवशी तुटतं तो दिवस घरात सगळ्यांना पाठ असतो. त्याच्या आधीचे कितीतरी मुके उन्हाळे कुणी मोजलेले नसतात. मुलगा बारावीत घसरला ती तारीख निकालाची. घसरण सुरू झाली ती अकरावीच्या एखाद्या साध्या, निवांत वाटलेल्या तिमाहीत.

कारण किती लांबून चालत येऊ शकतं, याचा धडा नाशिकच्या द्राक्षाला २०१० मध्ये मिळाला. त्या हंगामात युरोपात पोचलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला आणि कंटेनर अडकले. हे संजीवक उन्हाळ्यात काडीची वाढ रोखायला सर्रास वापरलं जायचं, लिहोसीन या नावानं ते दुकानादुकानांत मिळायचं. फवारणी झाली होती एप्रिल छाटणीनंतरच्या दिवसांत, जेव्हा वेलीवर मणी तर सोडाच, घडाचं नावही नव्हतं. फळावर थेंबही न पडता ते फळात कसं आलं, हे सुरुवातीला कित्येकांना पटेना. ते काडीत, खोडात साठून राहिलं होतं आणि पुढच्या हंगामात रसाबरोबर मण्यात उतरलं. वेल विसरली नव्हती. पुढे निर्यातीच्या बागांतून ते गेलं, तपासणीच्या यादीत त्याचा समावेश झाला, वाढ रोखायला शेंडा खुडणं, पाणी तोडणं, पालाश देणं हे जुने उपाय पुन्हा नीट वापरात आले. त्या वर्षी झालेलं नुकसान मोठं होतं. तरी त्यातून इथल्या शेतीनं जे उचललं ते खरंच उचललं, कारण त्या वेळी "नशीब" म्हणून कुणाला सुटता आलं नाही. कोणता पदार्थ, कोणत्या महिन्यात, किती वेळा, हे शोधावंच लागलं.

मागे बघण्याचीही एक वेळ असते. माल उतरल्यावर लगेच खरड छाटणी करू नये, मध्ये पंधरा-वीस दिवस तरी वेलीला विश्रांती द्यावी, हे जुने बागाईतदार कळवळून सांगतात. त्या दिवसांत हलकं पाणी, थोडं खत, आणि पानं शाबूत ठेवायची, म्हणजे रिकाम्या झालेल्या खोडात, मुळांत पुन्हा अन्न भरतं. घाईनं कापलेली बाग मागेपुढे फुटते. एका ओलांड्यावर चार फुटी वीतभर झालेल्या आणि शेजारचे डोळे अजून मिटलेले, असं चित्र दिसतं. मग शेंडा खुडायची एक तारीख राहतच नाही, पुढचं सगळं वेळापत्रक विस्कटतं. हिशेबाच्या बाबतीतही मी हेच पाहत आले आहे. नुकसान झालेल्या आठवड्यात वही उघडणारा माणूस वहीत फक्त राग लिहितो. आणि चार महिन्यांनी उघडणाऱ्याला काही आठवत नाही. ते पंधरा-वीस दिवस, अंगातला शीण थोडा उतरलेला पण पानं अजून गळलेली नाहीत असे, नोंदीला सर्वांत योग्य. पण त्या दिवसांत लग्नं असतात, पाव्हण्या-रावळ्यांत जावं लागतं, आणि वर्षभर पुढे ढकललेली दवाखान्याची कामंही तेव्हाच निघतात.

दुसरी एक गोष्ट जास्त घातक, कारण ती अनुभवाच्या नावानं होते. २०१९ ला ज्यांनी छाटणी उशिरा घेतली होती त्यांच्या बागा फुलोऱ्यात सापडल्या नाहीत, त्या बऱ्याच वाचल्या. पुढच्या वर्षी पुष्कळांनी तेच करायचं ठरवलं. शेजाऱ्याचं उशिरा छाटून वाचलं, म्हणजे उशीर हाच उपाय, असं सरळ गणित. पण सगळ्यांनी उशीर केला की सगळ्यांचा माल मार्चमध्ये एकदम उतरतो, उन्हानं मणी मऊ पडतो, व्यापारी बागेत येऊन पाय हलवत बसतो. तिकडे बागलाणात सटाण्याच्या बाजूला जून-जुलैपासून आगाप छाटणी करून नाताळाच्या आधी माल काढणारे आहेत. त्यांना भाव मिळतो, पण सगळा पावसाळा अंगावर झेलून, आणि त्या जोखमीसाठी लागणारी जमीन, निचरा, खर्चाची तयारी वेगळी असते. गेल्या वर्षीचं उत्तर यंदाच्या प्रश्नाला लावायचं, तेही दुसऱ्याच्या बागेतलं, याला अनुभव म्हणायला मन होत नाही. थॉमसनला पाचव्या-सहाव्या डोळ्यावर कापतात हे ऐकून दर साल तिथंच कात्री लावणारे आहेत. ज्या साली गाठ आठव्या डोळ्यापाशी पडली, त्या साली फळदार काडी सरीत पडलेली असते आणि वेलीवर रिकामे डोळे राहतात.

नोंदवह्या असतातच. निर्यातीची बाग नोंदवायची तर फवारणीची वही लागतेच, ग्रेपनेट ही निर्यातीच्या द्राक्षबागांची सरकारी नोंदव्यवस्था आल्यापासून ती सक्तीची झाली. पण अशा वह्या चाळल्या तर पुष्कळदा एक गोष्ट डोळ्यात भरते. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच पेन, एकच शाई, एकाच बैठकीतलं एकसारखं अक्षर. तपासणीच्या आदल्या रात्री दुकानाच्या बिलांवरून उतरवलेली. साहेबाला ती पुरते. वेलीला काय झालं ते तिच्यातून कळत नाही. उपयोगाची वही मळलेली असते. तिच्यावर औषधाचे डाग असतात, पान दुमडलेलं असतं, मध्येच नातवाच्या हातच्या रेघोट्या असतात. तिच्यात तारखेच्या शेजारी छाटणीपासूनचा दिवस लिहिलेला असतो, कारण बाग कॅलेंडर पाळत नाही, ती स्वतःचे दिवस मोजते. आणि कधीकधी एक ओळ जास्तीची असते. "दिवस २६. नऊ पानं. सात पानांवर खुडायचं होतं, टोळी पलीकडच्या बागेत अडकली, चार दिवस उशीर." किंवा, "दिवस ४५. दुपारनंतर ढग. नत्र बंद. पाणी निम्मं केलं, घाबरतच केलं." या "का" नं आणि "घाबरत" नं पुढच्या वर्षी जितकं शिकवलं जातं तितकं औषधाच्या प्रमाणानं शिकवलं जात नाही. प्रमाण डब्यावर छापलेलंच असतं. आपण त्या दिवशी काय बघितलं आणि काय ठरवलं, ते कुठंच छापलेलं नसतं.

खोलीतल्या टेबलावर काकांची जुडी सुटली होती. दहा काड्या, बागेच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून आणलेल्या, जाड, मध्यम, बारीक अशा मिसळून, हे त्यांनी नीट केलं होतं. मुलानं आधी एक काडी आडवी कापून गाभा बघितला. बाहेर साल तपकिरी आणि आत गाभाही तपकिरी असेल तर काडी पिकली. आत हिरवा-पांढरा असेल तर छाटणी आठवडाभर थांबवावी लागते. ती पिकली होती. मग तळापासून एकेक डोळा. ब्लेडच्या टोकानं वरचे टणक खवले काढायचे, खाली कापसासारखी लव, ती बाजूला सारायची, आणि मग भिंगाखाली हिरवट, ओलसर गाभा. घड असेल तर तिथं पांढुरका, कणीदार ठिपका दिसतो, कच्च्या तुतीसारखा. नसेल तर नुसते पानांचे पापुद्रे. मुलगा बघायचा आणि कागदावर घड असेल तर गोल, नसेल तर फुली काढायचा. पहिले तीन डोळे, बहुतेक फुल्या. चौथा, पाचवा, फुल्याच जास्त. मागचे लोक बोलायचे थांबले होते. सहाव्याला दहापैकी तीन गोल. सातव्याला, गाठीच्या लगत, चार. आठव्याला चार.

"काका, पाचव्यावर कापू नका यंदा," तो म्हणाला. "गाठ धरा आणि पुढे दोन डोळे राखा. काड्याही दरवर्षीपेक्षा जास्त ठेवा, विरळणीची घाई करू नका. घड दिसल्यावरच वांझ फुटी काढा." मग त्यानं एकेक काडी उचलून कुठं कात्री लावायची तिथं नखानं खूण करून दाखवली. काकांनी प्रत्येक खुणेवर स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला. जरा वेळानं, फार हळू आवाजात त्यांनी विचारलं, "पण असं का झालं? बाग तर चांगली होती."

मुलगा म्हणाला, "तारीख असती तर सांगता आलं असतं."

काकांनी खिशातून फोन काढला आणि घरी लावला. स्पीकरवर. "अगं, भिंतीवरचं कालनिर्णय आहे ना? एप्रिलचं पान बघ. छाटणीचं काही लिहिलंय का." पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला, पावलं वाजली, पान उलटल्याची खसखस स्पष्ट ऐकू आली. "चार तारखेला अकरा माणसं लिहिलीत," ती म्हणाली. "पाचला नऊ. दोन्ही दिवस नाश्ता आपला. शुक्रवार-शनिवार. रविवारी रामनवमी म्हणून ते गावी गेले ना." मजुरी चुकती करायला लिहून ठेवलेलं. दुधाच्या लिटरांच्या आणि गॅसच्या टाकीच्या मध्ये, पाच महिने, स्वयंपाकघराच्या भिंतीवर.

मुलगा बोटांवर मोजत होता. "चार एप्रिल म्हणजे चाळिसावा दिवस चौदा मे. साठावा तीन जून." त्यानं मान वर केली. त्या मे महिन्यात काय झालं होतं हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. पहिल्या आठवड्यापासून वळवानं ठाण मांडलेलं आणि महिना सरायच्या आत मोसमी पाऊस राज्यात दाखल झालेला. तरी त्यानं विचारलं, "तुमच्या इथं नेमके कोणते दिवस ढगाळ होते, आठवतं का काका? म्हणजे पुढच्या साली छाटणी मागेपुढे करायची का, ते बघता येईल."

काकांना आठवत नव्हतं. फोन अजून चालू होता.

"ऊन कुठलं तेव्हा," पलीकडून आवाज आला. "मे महिन्याचं पान बघते ना. बाराला गहू भिजत घातले, दोन पायली. पंधराला कुरडया घातल्या गच्चीवर. वाळल्याच नाहीत. चार दिवस आत-बाहेर केल्या, एकोणिसला बुरशी धरली, गाईला घातल्या. इथं लिहिलंय मी. वाया, असं लिहिलंय."

मुलानं रबरानं प्रश्नचिन्ह खोडलं आणि ४ एप्रिल असं लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात थोडीशी जागा शिल्लक होती. तिथं त्यानं बारीक अक्षरात भरलं: दिवस ४१ ते ४५, कुरडया वाळल्या नाहीत.